रिकाम्या चौकोनाचं तिकीट

१४ मार्च

आज अकरा जण चुकीच्या स्टेशनावर गेले. मोजले मी! लोयांगला जुनं स्टेशन वेगळं आणि आमचं लोंगमेन वेगळं, वेगवान गाडी आमच्याकडून सुटते. तिकिटावर छापलेलं असतं. तरी पाहुणे टॅक्सीवाल्याला नुसतं "स्टेशन" म्हणतात. तो जुन्याला नेतो. घामाघूम होऊन माझ्या खिडकीशी येतात, तोवर गाडी गेलेली असते — आणि माझ्याकडे असं बघतात की मीच हाकलली.

स्टेशनातल्या आमच्या प्रवास कंपनीचे मालक लेइ साहेब म्हणाले, परदेशी पाहुण्यांसाठी सूचनांची पुस्तिका लिही. "पदवीधर आहेस ना." घरातली पहिली पदवीधर मी, हे मुलाखतीत सांगायलाच नको होतं. आता बाटलीचं झाकण उघडेना झालं तरी हाक मारतात, "पदवीधर, जरा बघ."

१७ मार्च

सूचना पाच — मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, मोबाइलमधला फोटो चालत नाही. सूचना सहा — तिकिटावरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर एक हवं. सूचना सात — यंत्राच्या फाटकाने पासपोर्ट घेतला नाही तर तिथे अडून राहू नका, कडेला माणूस बसतो त्या फाटकाने जा.

"गाडीत उकळतं पाणी फुकट असतं, पेला आणा" ही साहेबांनी खोडली. "लेण्यांची तिकिटं आधी काढा" हीसुद्धा. ठेवलं काय? "पिओनी फुलांचं स्वर्गीय दर्शन." उपयोगाचं खोडायचं, शोभेचं ठेवायचं. शेजारच्या खिडकीवरच्या तांग ताई म्हणाल्या, "शौचालयात कागद नसतो एवढं लिही. तेवढंच वाचतील."

१९ मार्च

आईला फोन केला. दोन वर्षं झाली मला इथे, तिने माझी खोलीसुद्धा पाहिलेली नाही. यंदा पिओनी बघायला यायचंच. फुलं एप्रिलच्या दहा ते वीस तारखेपर्यंत, लगेच तिकडे गावी, गान्सूत, तिची बटाट्याची लागवड. म्हणजे मधले आठ-दहा दिवस, बस्स. "बसने नाही यायची बाई मी, डोकं फिरतं." मग गाडी.

अ‍ॅपमध्ये प्रवाशांच्या यादीत तिचं नाव भरायला घेतलं. शांग हे आडनाव आलं. पुढचं यू — तिथे रिकामा चौकोन. चार वेळा केलं. चार वेळा चौकोन. आजोबांनी कुठल्याशा जुन्या कोशातून शोधलेलं अक्षर, ओळखपत्रावर व्यवस्थित छापलंय, पण तिकिटाच्या कॉम्प्युटरला ते माहीतच नाही.

२२ मार्च

आई तीनचाकीने तालुक्याला गेली. तिकीट खिडकीवरचा म्हणाला, "मावशी, हे अक्षर यंत्रात नाही. पोलीस ठाण्यात जाऊन ओळखपत्रावरचं नाव दुरुस्त करून आणा." ठाण्यातली बाई म्हणाली, "नाव बरोबर आहे. दुरुस्त काय करू?"

आई फोनवर हसत होती. "तो म्हणतो मी नाही, ती म्हणते मी आहे. बाजारात जाऊन कांदे घेतले नि परत आले."

मला नाही हसू आलं. रेल्वेला अर्ज लिहिला, दोन पानी. नागरिकाला स्वतःच्या नावाने प्रवास करता आला पाहिजे, असं पहिलंच वाक्य. तांग ताईंना वाचून दाखवलं. "छान आहे गं. पण एवढं वाचणार कोण?"

४ एप्रिल

छिंगमिंगची सुट्टी. सगळा देश पूर्वजांच्या थडग्यांवर जातो म्हणतात. मग हे स्टेशनात कोण आहेत?

७ एप्रिल

दुसऱ्या अर्जाचंही उत्तर आलं. "आपली सूचना नोंदवून घेतली आहे." पहिल्याचंही शब्दशः हेच होतं.

दुपारी अर्जेंटिनाचा एक पाहुणा. नाव चार शब्दांचं, तिकिटावर दोनच. फाटक उघडेना, गाडीला बारा मिनिटं. मी त्याला पळवतच कडेच्या फाटकाशी नेलं. तिथल्या बाईने पासपोर्ट पाहिला, चेहरा पाहिला, सोडलं. चार मिनिटांत काम. तो जाता जाता म्हणाला, "तुमच्या देशात सगळं किती सोपं आहे!"

हो बाबा. तुला आहे.

९ एप्रिल

आईशी भांडले.

ती म्हणाली, "मिआओ, नावच बदललं तर? सोपं काहीतरी घ्यावं." मी चिडलेच. यंत्र बदलायचं असतं, माणूस नाही! आजोबांनी आठवडाभर कोश चाळून दिलेलं नाव, ते एका चौकोनापायी टाकायचं?

ती म्हणाली, "शोधलं त्यांनी. पण मला लिहायला कधी शिकवलं नाही. तेवीस रेघा आहेत त्याला. सोसायटीच्या कागदावर अजून अंगठाच लावते मी."

हे मला माहीत नव्हतं. पंचवीस वर्षांची झाले, माहीत नव्हतं.

तरी म्हणाले, "तरीसुद्धा नको." तिने फोन ठेवला. म्हणजे, बटाट्याचं बियाणं कापायचंय म्हणाली.

१३ एप्रिल

पुस्तिका छापून आली. सूचना सहा ठळक अक्षरांत. बागेत फुलं पूर्ण उमललीत, पाहुणे झाडामागे झाड फोटो काढतायत, एका बाईने मला धरून विचारलं, "यातलं सगळ्यात प्रसिद्ध फूल कुठलं? आमच्याकडे वीसच मिनिटं आहेत."

तिसरा अर्ज टाकला. आता आठवडाच उरलाय. तांग ताई डब्यातलं अर्धं धिरडं पुढे करत म्हणाल्या, "खा. अर्जाने पोट भरत नाही."

१६ एप्रिल

आईने फोटो पाठवला. तिकिटाचा. उद्याची गाडी, सहावा डबा, खिडकी. नाव — शांग मिआओ.

माझं नाव. आई मुलीचं अक्षर घेत नाही. असं आमच्याकडे कुणी करत नाही, मुलीला आईचंसुद्धा देत नाहीत. फोन लावला, आवाज चढलाच होता माझा.

"मार्चात ठाण्यात गेले, त्या बावीस तारखेलाच नाव बदलायचा अर्ज दिला होता," ती म्हणाली. "तू रागावशील म्हणून बोलले नाही. आज तात्पुरतं ओळखपत्र मिळालं. तेव्हा ठाण्यातल्या त्या बाईने विचारलं, कुठलं अक्षर हवं? मी म्हटलं, मला एकच येतं. तुझ्या वह्यांवर नाव घालून घालून आलेलं."

"अर्जावर लिहिलं कुणी?"

"मी," आई म्हणाली.