चार पायांचा पलंग

मामंजी,

तुमच्या हयातीत मी तुमच्याशी एकदाही समोरासमोर बोलले नाही. तशी रीतच नव्हती. सासरा ओट्यावर, सून दाराआड, आणि मधे जे कोणी असेल त्याच्या तोंडून निरोप. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या, तेव्हा तुम्ही कधी तुमच्या लेकाला, कधी भिंतीला, तर कधी हातातल्या हंड्याला सांगायचात, "आमटीत मीठ जास्त झालंय म्हणावं." आता तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः सासू झाले, तेव्हा आज मधे कुणाला न घालता बोलते. राग आला तर येऊ द्या.

नाशकातलं आपलं तांबट आळीतलं घर मला अजून कानांनीच आठवतं. सकाळ झाली की ठोके सुरू. तुम्ही हातोड्यानं हंडा मठारताय, शेजारी माझे थोरले दीर, पलीकडे हे. भांडं पुरं झालं की तुम्ही ते बोटाच्या पेरानं वाजवायचात आणि डोळे मिटून ऐकायचात. बद्द वाजलं, तर गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी भांडं बाजूला. "खोट असलेलं भांडं माझ्या ओट्यावरून उतरायचं नाही," ही तुमची बढाई साऱ्या आळीला पाठ होती, आणि ती खरीही होती. म्हणून तर मला जास्त राग येतो. कारण माजघरात तुळईच्या आकड्याला जो पाळणा टांगला होता, त्याच्याकडे तुम्ही कधी मान वर करून पाहिलं नाहीत. तुमच्या वडिलांनी टांगलेला, तुम्ही त्यात वाढलेले, तुमची मुलं त्यात वाढलेली. मग काय, तो देवच झाला.

माझ्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा जाऊबाईंचं बाळ त्या पाळण्यातून पडलं. मी चुलीपाशी होते, मला सगळं दिसत होतं. त्या अगदी हलका झोका देत होत्या, गुणगुणत होत्या, आणि एकाएकी साखळीची कडी आकड्यातून निसटली. बाळ वाचलं नाही. तुम्ही ओट्यावरून आत आलात, खाली पडलेल्या पाळण्याकडे पाहिलंत आणि भिंतीला म्हणालात, "पाळण्यात काही खोट नाही. झोका देणारीचा हात जड." एवढ्या एका वाक्यावर जाऊबाई सिन्नरला माहेरी गेल्या आणि त्यांना परत आणायला कोणी गेलं नाही. त्यांचे यजमान तुमच्यापुढं मान वर करीत नसत, ते काय जाणार. पाळणा मात्र सुतक फिटताच पुन्हा त्याच आकड्याला लागला. त्यांचा हात जड नव्हता, मामंजी. पण मला विचारणार कोण, आणि मी सांगणार तरी कुणाच्या तोंडून?

मग मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ह्यांनी मला घोटीला पोचवायचं ठरलं. निघताना तुम्ही हातातल्या घागरीला म्हणालात, "परत येईल तोवर पाळणा रंगवून ठेवतो म्हणावं." तुम्ही ते मायेनंच म्हणालात, हे मला तेव्हाही कळलं. तरी माझी नजर माजघरातल्या आकड्याकडे गेली. नाशिकरोडला गाडीत बसलो, आणि देवळाली आलं तशी मी ह्यांना म्हणाले, "उतरा."

"अगं, घोटी लांब आहे अजून."

"ठाऊक आहे. उतरा."

माणूस गरीब. उतरले. कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांच्या बदल्या झाल्या की त्यांचं सामान तिथल्या बाजारात विकायला येतं, हे मी माहेरी लहानपणापासून ऐकत आले होते. मूल पोटात असताना पाळणा घेणं म्हणजे अपशकुन, अशी ह्यांनी वाटेत दोनदा आठवण करून दिली. मी म्हटलं, शकुन पाहून टांगलेला पाळणा पाहिलाच की आपण.

दुकानदार म्हातारे चाचा होते. माझं पोट पाहून त्यांनी लगेच स्टूल पुढं केलं आणि एक झुलता बाळपलंग दाखवला, चारी कोपऱ्यांना पितळी गोंडे. "बेटी, हाच घे. मेमसाहेबाचा हाय. बोट लाव, झुलतोय बघ. झोक्याबिगर पोर झोपंल का?" खोटं कशाला बोलू, मला तो आवडला. तांबटाची सून मी, पितळेवरून हात फिरवल्याशिवाय राहवलं नाही. पण त्याच्या मागं एक साधा पलंग उभा होता, चार पायांचा, चहूबाजूंनी लाकडी गज, रंगाचे पोपडे निघालेले. मी उठले, त्याचा काठ धरला आणि होती नव्हती ती ताकद लावून हलवला. तो जागचा हलला नाही.

"हाच," मी म्हणाले.

"ह्याला झोका कसा द्यायचा?" हे म्हणाले.

"नाही द्यायचा. टांगलेलं काही नको मला."

मुलगा घोटीला झाला, भाताच्या कापणीच्या दिवसांत. तीन महिन्यांनी आम्ही टांग्यातून दारात उतरलो, मांडीवर बाळ आणि मागं दोरीनं बांधलेला पलंग. तुम्ही हातोडा खाली ठेवलात. "हा पिंजरा कुणाचा? घरात पाळणा असताना पोर ह्यात निजणार?" हे गप्प. दीर गप्प. भिंत तर गप्प असतेच. मी दाराआड जाऊन बाळाला खांद्याशी घेतलं आणि चांगलं ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हणाले, "बाळा, आजोबांना सांग, तुझी आई तुला त्या पाळण्यात ठेवणार नाही. हात जड नव्हता, आकडा झिजलाय." सगळे ठोके थांबले. मग तुम्ही ओट्यावरून म्हणालात, "बाळा, आईला सांग, असं असेल तर माहेरीच राहायचं होतं." जाऊबाईंचं काय झालं ते पाहिलेलं होतं. तरी मी म्हणाले, "बाळा, सांग त्यांना, घोटीची गाडी रोज जाते." तुम्ही हातोडा उचललात आणि तो हंडा असा काही ठोकलात की त्याला पोचे आले.

पलंग माजघरात राहिला. बाळ त्या ठोक्यांत गाढ झोपायचं आणि ठोके थांबले की जागं व्हायचं. असंच एका दुपारी ते उठलं म्हणून मी धावत आले, तर तुम्ही पाटावर चढून आकडा उपसून काढलेला. तळहातावर धरलाय. कडी जिथं बसायची तिथं त्याला खोल खाच पडलीय, आणि त्या खाचेतून तुमचा अंगठा पुन्हा पुन्हा फिरतोय. माझी चाहूल लागली तसे तुम्ही पलंगाकडे वळलात. "बाळा, आईला सांग, तुझ्या मोठ्या आईला आणायला सिन्नरला जातो म्हणावं."

आणलंत तुम्ही त्यांना. लोक म्हणाले, सासऱ्याचं मन मोठं. मला ते कधी पटलं नाही. तुम्ही आकडा नदीत टाकून आलात, पण 'हात जड' हा बोल परत घेतला नाहीत. बाई मरेपर्यंत तो आपल्या हातांवर वागवीत राहिली. कुणाच्या पाळण्याच्या दोरीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. माझी तिन्ही मुलं मात्र त्यांनीच निजवली, कारण माझा पलंग हलत नव्हता. गजांवर हनुवटी टेकून नुसत्या बसायच्या. ते पाहिलं की मला वाटायचं, देवळालीला उतरले ते बरं केलं. आजही तेच वाटतं.

आता आमच्या सुनेला दिवस आहेत. परवा मी माळ्यावरून पलंग काढवला, घासूनपुसून ठेवला. तिनं वाकून पाहिला आणि माझ्या तोंडावर म्हणाली, "आई, हा नको. ह्या गजांमधून बाळाचं डोकं जाईल आणि अडकेल." त्यावर मी काय म्हणाले असेन? "पलंगात काही खोट नाही. तीन मुलं वाढलीत ह्यात." ती भांडली नाही. "एकदा बघा तरी," म्हणाली आणि निघून गेली.

म्हणून मी तुम्हांला माफ केलं असं समजू नका. तुम्ही चुकलात ते चुकलातच, आणि हे पत्र पोचण्यासारखं असतं तरी मी त्यातला एक शब्द कमी केला नसता. पण आज दुपारी घरात कोणी नव्हतं. देवापुढचा नारळ घेतला, पलंगापाशी बसले आणि दोन गजांमधून घालून पाहिला. आरपार गेला, मामंजी. संध्याकाळी सून येईल. तिला सांगावं लागेल, आणि मधे घालायला घरात अजून बाळ नाही.