कोहळं कोणाच्या वावरातलं

वडनेर, ता. हिंगणघाट
६ नोव्हेंबर २०२४

ती. अश्विनदादास,
वडनेरहून धाकट्या बहिणीचा सलाम वि. वि.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर मी बोलायला लागले की कापतोस. म्हणून कागद घेतला.

नागपूरच्या डॉक्टरांना तू तोंडावर नाही म्हणून आलास, हे उज्वलावहिनीने मला सांगितलं. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, रक्तगट जुळला, किडनी जुळली, आणि तू खुर्चीवरून उठून चालता झालास. का, असं विचारलं तर म्हणालास, देवाची इच्छा असेल तसं होईल. वहिनीला साखर आहे, तुझी लेक अंकिता पोटुशी आहे, घरात दुसरं देणारं कोण आहे? वर्ध्याहून डायलिसिस करून आलास की तुला ओटा चढवत नाही, हे सांगताना वहिनी रडत होती. मला रडू आलं नाही, संताप आला.

पाळकसाहेब गावाला गेले की आर्वीच्या चर्चमध्ये उपदेशाला तूच उभा राहतोस. तुझा आवडता विषय कृपा. लायकी नसताना, कमाई नसताना मिळते ती कृपा, असं तू मूठ आपटून सांगायचास. मी आईशेजारी पहिल्या बाकावर बसून ते ऐकलंय. आणि आता तीच कृपा दारात आली तर तू आतून कडी लावून बसलास. ह्याला देवाच्या इच्छेपुढे मान तुकवणं म्हणत नाहीत, दादा. हा ताठा आहे, फक्त त्याला रविवारचे कपडे घातलेत.

नवऱ्याची संमती लागते, तीही झाली. सही करताना हे एवढंच म्हणाले, की मी करून टाकतो, पण तो घेईन का, ते पहिले विचारजो. तुझी ओळख त्यांना आहे. आईच्या मयतीला पेटीला खांदा द्यायला ते पुढे आले, तेव्हा तू त्यांना हाताने बाजूला सारलंस. सगळ्या आर्वीने पाहिलं. तरी त्यांनी सही केली.

उत्तर लिही. वहिनीला सलाम, अंकिताला जपायला सांग.

तुझ्यावर चिडलेली,
रीता


आर्वी
१२ नोव्हेंबर २०२४

सौ. रीता हिस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र मिळालं. डोकं थंड ठेवून वाचायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

तू मला न सांगता तपासण्या करून घेतल्यास. लग्नही न सांगताच केलं होतंस. सगळं परस्पर ठरवायचं आणि मग आम्ही मान डोलवायची, ही तुझी खोड जुनी आहे. रत्नदीप बौद्ध आहे म्हणून मी रागावलो, असं तू सगळ्यांना सांगत असतेस. एसटी डेपोत जन्म गेला माझा, बौद्ध सोबत्यांच्या डब्यात जेवलोय मी. माझा राग बाबांपायी आहे. तू गेलीस आणि बाबा पुन्हा कधी उपदेशाला उभे राहिले नाहीत. शेवटच्या बाकावर बसायचे, आणि उपासना संपताना पाळक आशीर्वादासाठी हात वर करायच्या आत उठून बाहेर पडायचे. आपल्याला आशीर्वाद घ्यायचा हक्क उरला नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. ते मरेपर्यंत मी हे दर रविवारी पाहिलं. तू कुठे होतीस?

आणि आता तुझी किडनी पोटात घेऊन मी उरलेला जन्म तुम्हा दोघांच्या उपकाराखाली काढायचा? पाण्याचा पेला तोंडाला लावला की रत्नदीपची सही आठवायची? ते माझ्याने होणार नाही. देवाकडून जे येईल ते मी ओंजळ पुढे करून घेईन. माणसाकडून नको.

येत्या रविवारी हंगामाचा सण आहे. लिलाव दरवर्षीसारखा मीच पुकारणार, खुर्चीवर बसून का होईना.

लोभ ठेव असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

अश्विन


आर्वी
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय रीताबाईस,
उज्वलाचा सप्रेम सलाम.

रविवारी सण झाला. वेदीपुढे लोकांनी ज्वारी, संत्री, वांगी, कोंबड्या, घरचे केक आणून मांडले होते. ह्यांचा आवाज पार बसला होता, तरी लिलावाआधी आपला नेहमीचा नियम सांगितलाच, की वेदीपुढे आलं ते देवाचं झालं, कोणाच्या वावरातलं ते कोणी विचारायचं नाही.

ते मोठं लाल कोहळं यंदाही आलं होतं. कोण आणून ठेवतं, कोणालाच ठाऊक नाही. आणि दरवर्षीसारखं ह्यांनीच बोली लावून ते घरी आणलं. डॉक्टरांनी कोहळं बंद केलंय, हे माहीत असून. मी इतकी भडकले की विचारू नका. ज्याला बहिणीची किडनी चालत नाही, त्याला हे बरं चालतं, असं तोंडावर बोलले. तर शांतपणे म्हणाले, आई गेली त्या वर्षापासून हे येतंय, चवही आईच्या वेलाचीच आहे, देव पाठवतो, त्याला नाही कसं म्हणू?

मी त्यांच्याशी बोलणं टाकलंय. वाढते आणि उठते. डॉक्टर म्हणाले, आता हृदयावर ताण येतोय, असेच दिवस घालवले तर पुढे ऑपरेशन करायची सोय राहणार नाही. तुम्ही तरी काही करा. मी थकले.

तुमची,
उज्वला


वडनेर
२४ नोव्हेंबर २०२४

दादास,
सलाम.

ते कोहळं माझ्या वावरातलं आहे.

माझं लग्न झाल्यावर आईने हिंगणघाट गाडीच्या बंडूजी ड्रायव्हरच्या हाती आपल्या वेलाचं बी पुरचुंडीत बांधून पाठवलं होतं. तुला आणि बाबांना चोरून. ती होती तोवर दरवर्षी पहिलं कोहळं बंडूजी तिला पोचवायचे. ती गेली, मग कोणाला पाठवू? म्हणून सणाला चर्चमध्ये पाठवायला लागले. तू ते घेशील असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. बंडूजींनी सांगितलं, की ते तुह्या भावानंच उचललं, तेव्हा आधी हसले, मग खूप रडले. तेव्हापासून वेलावरचं सगळ्यात मोठं कोहळं तुझ्या नावाने राखते.

मी राखते म्हणजे रत्नदीप राखतात. आळं तेच करतात, पाणी तेच देतात, रानडुकरांसाठी मचाणावर तेच झोपतात. म्हणजे इतकी वर्षं तू ज्याला देवाने पाठवलं म्हणून खातोयस, ते रत्नदीपच्या हातचं आहे. ते तुझ्या रक्तात गेलं, हाडात गेलं. कुठे वाकली तुझी मान? लिलावात पैसे मोजले, असं म्हणू नकोस. पैसे चर्चला दिलेस. मी तुला फुकटच दिलं.

बाबांचं मला माहीत नव्हतं. कोणी सांगितलं नाही. वाचल्यापासून बाबांचं ते शेवटचं बाक डोळ्यांपुढून हलत नाही, आणि इतकी वर्षं हे मला न सांगितल्याबद्दल तुझाही राग येतो. त्यावर आपण भांडू, मनसोक्त भांडू. पण भांडायला तू जिवंत पाहिजेस.

आणि हेही ऐक. आईच्या पेटीपाशी तू जे केलंस ते मी विसरलेले नाही, माफही केलेलं नाही. प्रार्थना करूनही होत नाही. आधी मन साफ होऊ दे, मग देते, असं म्हणत बसले तर तू राहायचा नाहीस. म्हणून मी रागासकट देते आहे. तूही रागासकट घे.

रीता


आर्वी
२ डिसेंबर २०२४

चि. रीतास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तसं मी बंडूजींना घरी बोलावून घेतलं आणि नको नको ते बोललो. त्यांनी निवांत चहा संपवला आणि म्हणाले, तूच त दरसाली सांगते, कोणाच्या वावरातलं ते इचारू नोका, मंग मी तुले काऊन सांगू?

तुझा फार राग आला. ज्या एका गोष्टीत मला देवाचा हात दिसत होता, तीही तू काढून घेतलीस असं वाटलं. कोहळं कोपऱ्यात पडून होतं, मी त्याच्याकडे पाठ करून बसायचो. ह्यातलं देवाचं किती आणि रत्नदीपचं किती, हे वेगळं करायचा मी फार खटाटोप केला. होत नाही. आईचं बी, तुमची माती, त्यांचं पाणी, बंडूजींची गाडी, आणि शेवटी माझंच ताट. कृपेवर इतके उपदेश केले, पण ती अशी एसटीच्या टपावरून येत असेल हे कधी डोक्यात आलं नाही.

बाबांबद्दल तुला कळवायला हवं होतं हे खरं. पण तू यायला हवं होतंस, हेही खरं. ते भांडण राखून ठेव.

नागपूरला होकार कळवला आहे. उज्वला काल माझ्याशी बोलली. तिथे अवयवदानाला परवानगी देणाऱ्या कमिटीपुढे तू, मी आणि रत्नदीपराव अशा तिघांनी शेजारी बसायचं असतं, आणि कोण कोणाचं काय लागतं हे प्रत्येकाला विचारतात म्हणे. मला त्यांच्याकडे बोट दाखवून सांगावं लागेल, हे आमचे जावई. हा शब्द माझ्या तोंडून आजवर निघालेला नाही. काल दाढी करताना आरशात म्हणून पाहिला, तर ‘जाव’ एवढंच निघालं.

म्हणून येत्या रविवारी दोघं जेवायला या. आधी घरी म्हणायची सवय होऊ दे. उज्वला त्या कोहळ्याची गोड बोंडं तळणार आहे. मला ती आता चालत नाहीत. जावईबापूंनी माझ्या शेजारच्या पाटावर बसून खावी, मी बघत बसेन.

लोभ असावा. राग आहे, तोही घेऊन ये.

तुझा दादा,
अश्विन