सोतरेल पुन्हा धावणार आहे

मेहुणेबुवा लेओन्स यांस,

बाझिलचा वाकून नमस्कार (जितकी कंबर आता वाकते तितका). तुमचा संधिवात, तुमचं मांजर आणि तुमचा ताठा, तिघांची प्रकृती उत्तम असावी. इकडे अर्नाजला आम्ही मजेत. तुमची बहीण ओदील रोज तुमची आठवण काढते आणि मला ती ऐकावी लागते.

पत्रास कारण की, आपली शर्यतीची हिरवी गाडी, सोतरेल, सापडली. एका दंतवैद्य बाईंनी ती विकत घेऊन दुरुस्त केली आहे आणि सप्टेंबरात ती ल माँच्या त्याच शर्यतीच्या रस्त्यावर एक फेरी मारणार आहे. चालवायला तेव्हाचाच माणूस हवा, असा बाईंचा हट्ट. म्हटलं, मी आहे की. तुम्ही तसदी घेऊ नका.

बाईंनी गाडीचा इतिहास विचारला. चोवीस तासांच्या शर्यतीत तीनदा उतरून एकदाही शेवट न गाठलेल्या गाडीला कसला आलाय इतिहास? तरी सांगितला. पहिल्या वर्षी मी भरधाव असताना दार उडून मक्याच्या शेतात पडलं (शेतकऱ्याने ते परत दिलं नाही, त्याच्या खुराड्याला अगदी मापात बसलं होतं). दुसऱ्या वर्षी धुक्यात तुम्ही पेट्रोल भरायला थांबलात ते दुसऱ्याच संघापुढे, आणि त्या भल्या माणसांनी चाकंसुद्धा बदलून दिली. आपल्याला बाद केलं ते त्यामुळेच. तिसऱ्या वर्षी मात्र आपण आपल्या गटात पहिले होतो. शर्यत दुपारी चारला संपते; चारच्या आधी रेषा ओलांडली तर आणखी एक फेरी पडते, म्हणून सगळेच रेषेच्या अलीकडे थांबून घड्याळाकडे बघत बसतात. तुम्हीही थांबलात. थांबा ना, कोण नको म्हणतंय. पण इंजिन बंद करायचं? (म्हणे, "तापलं होतं बिचारं.") चार वाजले, बाकीचे गेले आणि सोतरेल नुसती खोकत राहिली. मी कठड्यावरून ओरडतोय, "अहो, उतरा आणि ढकला तिला!" आणि तुम्ही खिडकीतून डोकं काढून सांगताय, "ढकलणं नियमात बसत नाही, बाझिल." तेव्हापासून आपण ओदीलमार्फतच बोलतो.

हे सगळं मी बाईंना काडीचाही रंग न चढवता सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

असो. फेरी मी मारतो. तुम्ही ब्रेस्टलाच समुद्राची हवा खा.

तुमचा,
बाझिल

ता. क. डॉक्टरांनी माझा परवाना काढून घेतलाय. म्हणाले, समोरचा तक्ता वाचा; मी विचारलं, कुठला तक्ता. तेव्हा गाडी तुम्हालाच चालवावी लागेल.

आणखी एक. सोतरेलला दुसरी सीट आहे, आठवतं? गाडीत दोन सीट हव्यात असा नियम होता म्हणून बसवलेली. तिच्यावर आजवर कुणी बसलं नाही. मी परवा बसून पाहिलं. मावतो. मला फारसं दिसणार नाही, तेव्हा कुठलं वळण आलं तेवढं सांगत चला. बाकी गप्प राहिलात तरी चालेल.