पांढऱ्या टॉवेलांवरचं तेल

नाना, त्या दिवशी सायकलच्या चेनला जास्तीचं तेल मिस्त्रीचाचांनी घातलं नव्हतं. मी घातलं होतं. एवढं एक वाक्य लिहायला मला चाळीस वर्षं लागली, आणि तुम्हाला जाऊनही आता एकवीस झाली. लिहितेय तेही आपण होऊन नाही बरं का. चाचांनी दम भरलाय म्हणून.

आपले स्वतःचे दोन माग लागले होते आणि स्वतःचा पहिला माल निघाला होता, पांढरेशुभ्र टॉवेल, व्यापाऱ्याला दाखवायला न्यायचे. आदल्या संध्याकाळी चाचांनी सायकल करून दिली होती. चेन रॉकेलमध्ये धुतलेली, तेल दिलेलं, पुसलेली. सायकल-दुकानवाला मिस्त्री आणि गिऱ्हाईक एवढंच तुमचं नातं थोडंच होतं? मिलमध्ये असल्यापासूनचे दोस्त तुम्ही, रोज संध्याकाळी त्यांच्या बाकड्यावर बसल्याशिवाय तुम्हाला जेवण जात नसे. सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात आणि मी चेनला बोट लावून बघते तर काय, कोरडी! मला वाटलं, चाचा विसरले. मागवाल्याची अकरा वर्षांची पोर मी, तेल म्हणजे मागाला घालतात ते, एवढंच ठाऊक. मागाला तेल देताना तुम्ही कधी हात राखला नाहीत. ‘पोटभर तेल दिलं की माग गातोय बग,’ म्हणायचात. मग मीही तोच लांब चोचीचा डबा उचलला आणि चेनवर अशी धार धरली की विचारू नका. नानांचा पहिला माल चाललाय, सायकल कुरकुरायला नको, एवढंच मनात. संध्याकाळी सांगून शाबासकी घ्यायची, हेही ठरलेलं.

दुपारी तुम्ही परत आलात ते गठ्ठे तसेच घेऊन. आपल्या सायकलला चेनकव्हर नव्हतं. उजव्या बाजूला लोंबणाऱ्या गठ्ठ्यावर काळ्या थेंबांची रांग उठली होती, आणि व्यापाऱ्यानं डावा गठ्ठा सोडूनसुद्धा बघितला नव्हता. तुम्ही तडक चाचांच्या दुकानात, मी तुमच्या मागे. चार गिऱ्हाइकांसमोर तुम्ही ओरडलात, “तुज्या हातात आता काम न्हाय राहिलं! लोकास्नी फसवतोस व्हय?” चाचांच्या हातात पाना होता. तो त्यांनी खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, “मेरे हाथ का तेल उडताच नहीं.” मी कॅरिअर धरून उभी. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. मार पडेल म्हणून नव्हे, तुम्ही मला कधी बोटही लावलं नाहीत. तुमचा पडलेला चेहरा माझ्यामुळे आहे हे तुम्हाला कळू नये म्हणून. त्यानंतर त्यांच्याकडून ईदचा शीरखुर्म्याचा डबा यायचा थांबला, आपलं दिवाळीचं ताट जायचं थांबलं. तुम्ही सायकल लांबच्या दुकानात नेऊ लागलात, तीही चाचांच्या दारावरूनच, मान दुसरीकडे करून. हट्टी ते हट्टी! तुम्ही गेलात त्या दिवशी चाचा आले होते. गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले, आत नाही आले. मला दिसले, तरी मी गप्पच.

गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय, रोज सायकल चालवा. मी मागच्या खोलीतली तुमचीच काढली. चेन गंजून काठीसारखी ताठ. दुरुस्तीला दहा दुकानं होती, पण पाय चाचांकडेच वळले. दुकान आता मुलगा बघतो, चाचा दारात खुर्ची टाकून बसतात. मला ओळखलं नाही, सायकल ओळखली. मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ऐंशी वर्षांचा माणूस, असा भडकला की काय सांगू! “मेरेकू कायकू बोलती? मेरेकू तो उसी दिन मालूम था, मेरा हाथ नहीं है. जिसकू मालूम नहीं था उसकू बोल!” म्हटलं, ते गेले की चाचा. “तो चिठ्ठी लिख!”

आणि वर मला चेन धुवायला बसवलं. रॉकेल कुठं मिळतंय आता, डिझेल आणलं. जुन्या टूथब्रशनं घासून घासून माझी बोटं काळी झाली. उन्हात वाळवली. मग एकेका सांध्यावर एकच थेंब, पायडल उलटं फिरवायचं, तेल आत मुरू द्यायचं आणि बाहेरचं सगळं पुसून काढायचं. “चेन कू तेल पिलाने का, नहलाने का नहीं,” चाचा म्हणाले. वर कोरडी लागते ती चांगली चेन, नाना. पुसायला घरून फडकं आण म्हणाले होते. मी नेलं ते त्याच टॉवेलांतलं शेवटचं, आईनं घरात वापरून वापरून उरलेलं. चाचांनी ते उलगडून डाग बघितले, परत माझ्या हातात दिलं. तीनदा पुसायला लावलं. शेवटी स्वतःचा पांढरा रुमाल चेनवरून फिरवला आणि मला दाखवला. स्वच्छ!

आता रोज सकाळी तळ्यापर्यंत जाऊन येते, साखरही जरा उतरलीय. काल येताना चाचांनी हात करून थांबवलं. “चिठ्ठी लिखी?” म्हटलं, लिहितेय. “फिर? क्या बोल्या तेरा बाप?” चेष्टेनं नाही हो, अगदी मनापासून विचारत होते. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणाले, “नाना म्हणाले, दोस्ता, माजं चुकलं.” चाचांनी चष्मा काढला, डोळे पुसले. “इतनी देर कायकू लगाया, पूछ उसकू,” म्हणाले आणि मुलाला दोन चहा सांगितले. या ईदला डबा पाठवणार आहेत. दिवाळीचं ताट माझ्याकडे लागलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. त्या टॉवेलातच गुंडाळून ठेवीन. पण एक कबूल करते. तुम्ही असता तर ते शब्द तुमच्या तोंडून निघाले असते की नाही, मला खरंच माहीत नाही. मी ते तुमच्या नावानं परस्पर बोलून आले. तेल घातलं तसंच, नाना. तुम्हाला न विचारता.