साखरपुड्याआधीचा रिपोर्ट

मुलुंड, गुरुवार संध्याकाळ, फेब्रुवारी १९८७

सुटले बाई. सुधीरचा रिपोर्ट चांगला आला.

ताईच्या चिमीला थॅलेसेमिया, दर महिन्याला रक्त चढवावं लागतं. तेव्हा घरात सगळ्यांची तपासणी झाली, त्यात मी मायनर निघाले, म्हणजे तो दोष माझ्याही रक्तात आहे. मला त्याचा त्रास नाही, पण नवराही तसाच मिळाला तर मूल चिमीसारखं होऊ शकतं. म्हणून पत्रिका जुळल्यावर मी सुधीरला म्हटलं, आधी रक्त तपासून घे. आई तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही.

आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याच्यात तो दोष नाही. मुलं फार तर तुझ्यासारखी होतील, चिमीसारखी नाही." मग मला विचारलं, खातेस काय? आळिवाचे लाडू, मी म्हटलं. पांढरीफटक दिसते म्हणून आई लहानपणापासून भरवते. त्या हसल्या. "लाडवांनी तुझं रक्त वाढायचं नाही. तुला लोह कमी नाहीच."

म्हणजे इतकी वर्षं नाक दाबून खाल्ले ते कशासाठी?

बाहेर आल्यावर धीर करून सुधीरला विचारलं, "तुझ्या आईला सांगितलंस?" खरी भीती तीच होती. त्यांनी नाही म्हटलं असतं तर?

"सगळं सांगितलं. तिला एवढंच कळलं की मुलीच्या रक्तात काहीतरी कमी आहे." त्याने पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्या हातात दिला.

आळिवाचे लाडू.

तिथेच दवाखान्याच्या जिन्यावर बसून दोन खाल्ले.