माहेर विकून जग बघायला गेलीस तेव्हा

आई,

तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली, की तुझा चेहरा आठवायला मला पुस्तकाच्या मागच्या पानावरचा फोटो बघावा लागतो. त्यात तू हसते आहेस, गळ्यात मफलर, मागे कुठला तरी समुद्र. खाली छापलंय, 'मुलांची लाडकी लेखिका, घरदार सोडून जगभर हिंडते.' घरदार सोडून! वाचणाऱ्याला वाटावं, बाईनं संन्यास घेतला. त्या दाराशी बॅग घेऊन कोण उभं होतं, ते कुणी छापलं नाही.

मला आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. म्हणून मी देवासहून निघाले, इंदूरला बस बदलली आणि धारच्या स्टँडवर उतरले. रिक्षावाल्याला गल्ली सांगितली तर तो म्हणाला, "वो कहानीवाली आंटी का मकान? वो तो बिक गया, दीदी." मला वाटलं, ह्याला दुसरंच घर म्हणायचंय. आपलं दार उघडंच होतं. तू ओट्यापाशी उभी आहेस, मांडणी रिकामी आहे, डबे होते तिथे भिंतीवर नुसते तेलकट गोल उरलेत. बाबांना जाऊन वर्षही झालेलं नाही. तू म्हणतेस, "अगं, तुला फोन करणारच होते." उरलेल्या एकुलत्या एका पातेल्यात चहा टाकतेस आणि सांगत सुटतेस, की उभा जन्म मुलांना समुद्राच्या, जहाजांच्या, बर्फाच्या गोष्टी लिहिल्या आणि पाहिलं काय, तर धारचा तलाव नि इंदूरचा बाजार. आता जग बघायचं. मी पोटावर हात ठेवून विचारते, "आणि माझं?" तू चहा गाळता गाळता म्हणतेस, "बाळंतपण हल्ली दवाखान्यात होतं गं. त्याला घर कशाला लागतं?" निघताना तू माझ्या हातात एक पिशवी दिलीस. डिंक, खोबरं, खारीक. "लाडू तेवढे सासूबाईंना वळायला सांग," म्हणालीस.

सासूबाईंनी पिशवी उघडली आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "वा! माल माहेरचा, मजुरी सासरची. हिची आई तर घर बेचून घूमने निकल गई, आता मी बसते लाडू वळत." वळले त्यांनी. प्रत्येक लाडवाबरोबर एक टोमणा वाढला आणि मी दोन्ही गिळले, कारण अंगावर दूध यायला हवं होतं. तू तेव्हा कुठल्याशा बेटावर बसून कासविणीची गोष्ट लिहीत होतीस. ती वाळूत अंडी घालते आणि मागे वळून न बघता समुद्रात निघून जाते, ते तुला फार सुंदर वाटलं होतं. मुलांनाही आवडली म्हणे. बक्षीसही मिळालं तुला.

मग एकदा देवासच्या मराठी मंडळींनी तुझा सत्कार केला. एका मुलानं उठून विचारलं, "आजी, आपका घर कहाँ है?" तू म्हणालीस, "जिथे मुलं, तिथे माझं घर." काय टाळ्या पडल्या! पुढे पुस्तकावर सह्या सुरू झाल्या, मी लेकीला घेऊन रांगेत उभी राहिले. मान वर न करता तू विचारलंस, "नाव काय गं, बाळ?" तिनं सांगितलं. तू लिहिलंस, 'माझ्या छोट्या वाचक मैत्रिणीस.' मग तुझी नजर माझ्यावर गेली. "अगं बाई, ही एवढी झाली?" वाचक मैत्रीण! हिंदी शाळेत शिकणाऱ्या माझ्या पोरीला मराठीची एक ओळ वाचताना घाम फुटायचा. जगातल्या मुलांना काय आवडतं ते तुला ठाऊक होतं, हिला काय वाचता येतं ते नव्हतं.

शेवटी परत आलीस तीही धारलाच, स्टँडजवळच्या लॉजवर. मालकाचा फोन आला, "दीदी, मम्मीजी की तबियत ठीक नहीं है, ले जाओ." मी गाडी करून आले, तुझं सामान उचललं, तर तू माझा हात धरून म्हणालीस, "लेकीच्या दारी मरण नको गं. आपल्यात नसतं." आपल्यात! जगभर परक्यांच्या घरी जेवलीस, परक्यांच्या अंथरुणात झोपलीस, तिथे काही आडवं आलं नाही. रूढी आठवली ती नेमकी माझ्या दाराशी. गेलीस त्याच खोलीत. माणूस गेलं की आधी घरी नेतात. तुला कुठल्या घरी न्यायचं होतं? लॉजवाला जिन्यात थांबून म्हणाला, "दीदी, बारात की बुकिंग है, जरा जल्दी करवा देना." मला त्याचा राग आला नाही. तुला लॉजच्या दारातूनच उचललं आम्ही, आणि खरं सांगते, मनात आलं, घ्या, सोडलं एकदाचं घरदार.

परवा लेकीचा फोन आला. तिला सातवा लागलाय. "मम्मी, डिलिवरी के लिए मैं आपके पास ही आऊँगी. आपल्याकडे तसंच असतं ना?" मी म्हणाले, "ये. तुझंच घर आहे." फोन ठेवला. आनंद व्हायला हवा होता, आणि मला सगळ्यात आधी काय वाटलं, तर दाराला कुलूप घालावं आणि निघून जावं. कुठेही. पुन्हा ते तेल, शेक, धुरी, जागरणं. माझे गुडघे, माझी झोप, ह्यांचं कुणी मला विचारलंच नाही. मी जाणार नाही. डिंक आणून ठेवलाय, लाडूही मीच वळीन. पण वाटलं, अगदी पोटातून वाटलं. तू जिवंत असतीस तर हे तुला मी मरेस्तोवर कळू दिलं नसतं.