ओंडक्यातली कुऱ्हाड

कळंबा, ५ मे १९७४

अखेर डोक्यावर स्वतःचं छप्पर आलं. शिरोलीच्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून, ओतकामाचे लाकडी नमुने करायला लागलो, तेव्हापासून सोबतच्या सयाजीच्या खोलीत वळकटी टाकून होतो. आज खैरुनबींच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या. म्हातारी एकटीच, सोबतीला एक शेळी. बोलायला लागली की थांबत नाही. आल्या आल्या विचारलं, बायकू कुठाय? सांगितलं, ललिता मुरगूडला माहेरी आहे, मुलगी झाली. सव्वा महिना झाला की दोघींना आणणार.

बाळ-बाळंतिणीला रोज कढत पाणी लागणार, शेक लागणार. रॉकेलच्या रांगेत उभं राहण्याइतका माझा स्वभाव थंड नाही. तेव्हा पावसाआधी परसात सरपणाची शेड बांधायची. खैरुनबी खुशीनं हो म्हणाल्या. कोपऱ्यात एक ओंडका आहे, त्यात कित्येक वर्षं कुऱ्हाड रुतलेली. तेवढ्याला हात लावायचा नाही म्हणे. "बाकी काय बी कर, बाबासो. ती हाय तितंच ऱ्हाऊ दे की." म्हाताऱ्या माणसांचं असतंच काहीतरी.

११ मे

बाभळीच्या चार मेढी, वर बांबू, त्यावर जुने पत्रे. सयाजी मदतीला आला होता. चौथ्या मेढीचा खड्डा नेमका ओंडक्याच्या जागी यायला लागला. मेढ सरकवली असती तर शेड तिरकी झाली असती, आणि तिरकं काम मला जन्मात खपत नाही. कुऱ्हाड काढायला दोघं लागतील असं वाटलं होतं, ती माझ्या एका हातानं अलगद निघाली. इतकी वर्षं उघड्यावर राहून पात्याला गंज नाही. खाचेत बारीक पांढरे तुकडे होते. कोंबडीची हाडं असतील, सयाजी म्हणाला. ओंडका लोटत शेडमध्ये नेला.

खैरुनबींनी बघितलं. शेळी तेवढी स्वयंपाकघरात नेऊन बांधली.

१२ मे

सयाजी लाकडं फोडत होता. कुऱ्हाड लाकडात शिरेचना, टायरवर मारल्यासारखी उडायची. मी त्याची टिंगल केली आणि स्वतः घेतली. मलाही तेच. मग माझं डोकं फिरलं. सगळा जोर लावून घाव घातला, पातं लाकडावरून निसटलं आणि सयाजीच्या पायात गेलं. चपलेसकट बोटं बाजूला पडली.

त्याला टांग्यात घालून दवाखान्यात पोचवून आलो. ढलप्या रक्तानं भिजलेल्या, मेढीवर रक्त, माझ्या सदऱ्यावर रक्त. पात्यावर थेंब नाही. हात लावून बघितला. लोखंड गरम होतं, आणि शेडमध्ये दिवसभर सावली.

१४ मे

खैरुनबींनी आज सांगितलं. माझ्या खोल्यांत पूर्वी आकाराम आणि बाळासो हे लाकूडतोडे भाऊ राहायचे. भांडणात आकारामनं याच कुऱ्हाडीनं बाळासोचं डोकं फोडलं. त्यानंतर ती कुणाच्याच हातात स्वस्थ बसेना. लाकूड कापायची नाही, कापायची ती अंगच. शेवटी त्यांच्या आईनं, धोंडुबाईनं, ओंडक्यावर आपला पंजा ठेवला आणि त्यावर घाव घालून घेतला. "मानसाचं हाड मधी आलं तवाच लाकडात बसली बघ."

मी त्यांना वेड्यात काढलं. नको नको ते बोललो.

१६ मे

भरदुपारी कुऱ्हाड कळंब्याच्या तळ्यात फेकून आलो. बुडताना डोळ्यांनी बघितली.

घरी आलो तर ओंडक्यावर ती. ओली. दांड्याला शेवाळ. खाली शेळी, मुंडकं नुसतं कातड्याला लोंबत होतं.

१८ मे

खैरुनबी शेळीसाठी रडत होत्या. मला शिव्या देत होत्या. मला राग आला, एवढंच आठवतं. भानावर आलो तेव्हा मी त्यांच्या मागं उभा होतो. कुऱ्हाड वर उचललेली. त्या वाकून तांदूळ निवडत होत्या — पदर सरकून मान उघडी पडलेली —

मी ती कधी हातात घेतली?

२० मे

सासऱ्यांचा निरोप आला. ललिता बाळाला घेऊन निघते आहे.

बाळ रडणार. मला राग येणार. राग आला की ती हातात येते.

पोरीचा चेहराही अजून नीट बघितलेला नाही. मला भीती वाटते. माझीच.

पॅटर्नचं काम उजव्या हातानं होतं. डावा —

२२ मे

ठेवला. डोळे मिटले नाहीत.

बसली. लाकडानं धरली. खैरुनबींनी फडकं करकचून बांधलं, रडत — दवाखान्यात — पुढचं आठवत नाही.

२४ मे

दोघी आल्या. पोरीचं कपाळ माझ्यासारखं आहे. ललिता माझा हात बघून रडली. मशीनमध्ये गेला म्हणून सांगितलं. ओल्या बाळंतिणीला असलं काही सांगत नाहीत, खैरुनबींनीही तेच बजावलं. तिला शेड फार आवडली. खिडकीतून बघितलं, कुऱ्हाड घट्ट आहे. आता काही नाही.

२५ मे, सकाळी

अंगात ताप. खैरुनबी बाजाराला गेल्यात. ललिता बाळाच्या अंघोळीचं पाणी तापवते आहे. तिनं आत्ताच परसातून सांगितलं, लाकडं सगळी जाडच ठेवलीत, पण एक कुऱ्हाड मिळाली — एका हातानं निघाली —

उठवत नाही. हाक मारतोय, आवाज फुटत नाही.

ती हसते आहे. म्हणते, लाकूड धरतच नाही, नुसती उडते. बाळाला तिथंच पोत्यावर निजवलंय — रडतंय —

पुन्हा घाव. पुन्हा

ललिता, बाळाला आधी उच —

बाळाचं रडणं थांबलं —